मसल कारच्या इंजिनाचा कुठला भाग वाचवायचा, कुठला बदलायचा

इंजिन गाडीतून निघून स्टँडवर चढलं की मशीन शॉपवाला पहिला प्रश्न विचारतो, "काय काय करायचं आहे?" बहुतेक मालकांकडे त्या वेळी उत्तर नसतं, मग ते शॉपवालाच ठरवतो. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, धुतला जातो, बोअर होतो (सिलिंडर कापून रुंद केले जातात), वरचा फेस मारला जातो (वरचा सपाट पृष्ठभाग थोडा कापला जातो). इंजिन झकास चालतं. पुढे कधी गाडी विकायला काढली की जाणकार गिऱ्हाईक टॉर्च घेऊन वाकतं आणि विचारतं, इथला शिक्का कुठे गेला? तो शिक्का, म्हणजे इंजिन कुठल्या गाडीचं ते सांगणारे ठोकलेले आकडे, फेसिंगमध्ये गेलेला असतो, आणि त्याच्याबरोबर गाडीच्या किमतीचा मोठा वाटाही.

अमेरिकेत येऊन पंचवीस-तीस वर्षं झालेल्या आपल्या मंडळींपैकी बरेच जण आता जुनी शेव्हेल, मस्टँग, जीटीओ अशा मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाच्या ताकदवान अमेरिकन गाड्या, घेऊ लागले आहेत. मुलं कॉलेजला गेली, गॅरेजमध्ये जागा झाली. हा लेख त्यांच्यासाठी आहे. उदाहरण म्हणून १९६९ची शेव्हेल एसएस ३९६ (३९६ ही इंजिनाची क्षमता, घन इंचांत) समोर ठेवतो, कारण ती अजून बऱ्यापैकी सापडते आणि तिच्यात निर्णयाचे सगळे प्रश्न येतात. जिथे फोर्ड, पॉन्टियॅक किंवा डॉज-प्लिमथची रीत वेगळी आहे तिथे तसं सांगेन.

माझं म्हणणं असं: प्रत्येक भागाला दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. हा भाग या गाडीची ओळख सांगतो का? आणि हा भाग तुटला तर सोबत काय घेऊन जाईल? ओळख सांगणारा भाग शक्य तितक्या कमी कापून वाचवायचा. तुटल्यावर ब्लॉक फोडू शकणारा भाग, मूळ असो वा नसो, बदलायचा. गोंधळ होतो तो हे दोन प्रश्न एकत्र केल्यामुळे. लोक मूळचा ऑइल पंप जिवापाड जपतात आणि मूळचा ब्लॉक साठ थाऊ कापून मोकळे होतात. (इंचाचा हजारावा भाग म्हणजे थाऊ. आपल्याकडच्या वर्कशॉपमधलाच शब्द आहे आणि अमेरिकन मशीन शॉपमध्येही तोच चालतो.)

आधी गाडीचं काय करायचं ते ठरवा

यावर फार वेळ घालवायची गरज नाही, पण उत्तर प्रामाणिक हवं. उन्हाळ्यात रविवारी फिरवायची आणि ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवरच्या क्रूझला न्यायची गाडी वेगळी. शिकागोजवळच्या मसल कार अँड कॉर्व्हेट नॅशनल्समध्ये परीक्षकांसमोर उभी करायची गाडी वेगळी. दुसऱ्या गाडीत बोल्टच्या डोक्यावरचं उत्पादकाचं चिन्हही मोजलं जातं. पहिल्या गाडीत ते कुणी बघत नाही, पण इंजिनाने ट्रॅफिकमध्ये तापू नये एवढी अपेक्षा असते.

गाडीत आत्ता असलेलं इंजिन मुळात तिचं नसेल, तर प्रश्न बराच सोपा होतो. मग ब्लॉक म्हणजे फक्त लोखंड. बोअर करा, फेस मारा, फुटका असेल तर दुसरा आणा. म्हणूनच पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि ती साफसफाईच्या आधीची आहे.

धुण्याआधी आकडे वाचा

शेव्हरोलेच्या व्ही-८ ब्लॉकवर पुढच्या बाजूला, पॅसेंजरच्या बाजूच्या हेडच्या (सिलिंडरवर बसणाऱ्या भागाच्या) पुढे, एक अरुंद सपाट पट्टी दिसते. अल्टरनेटर आणि त्याचे ब्रॅकेट आड येतात, म्हणून ती सहसा तेलकट काळ्या थराखाली दडलेली असते. या पट्टीवर इंजिन जिथे जुळवलं त्या प्लांटचं अक्षर, महिना-दिवस आणि शेवटी इंजिनाचा कोड ठोकलेला असतो. 'टी०२१३' आणि पुढे दोन अक्षरं असं दिसलं तर इंजिन टोनावांडा प्लांटमध्ये १३ फेब्रुवारीला जुळवलेलं. फ्लिंटचं असेल तर अक्षर 'व्ही'. १९६९पर्यंत शेवटचा कोड दोन अक्षरी, १९७०पासून तीन अक्षरी.

त्याच्या जवळपास गाडीच्या व्हिनचा (ओळख क्रमांकाचा) एक तुकडाही ठोकलेला असतो. १९६९च्या शेव्हेलमध्ये तो '१९बी' असा सुरू झाला, तर १ म्हणजे शेव्हरोले, ९ म्हणजे १९६९ आणि बी म्हणजे बाल्टिमोरचा असेम्ब्ली प्लांट. पुढचे सहा आकडे डॅशबोर्डवरच्या व्हिनच्या शेवटच्या सहा आकड्यांशी जुळले, तर इंजिन त्याच गाडीचं. काही ब्लॉकवर हा तुकडा पट्टीवर न सापडता खाली ऑइल फिल्टरजवळ सापडतो. पट्टीवर नाही म्हणून लगेच निराश होऊ नका, फिल्टर काढून बघा.

ही पट्टी साफ करायची ती ब्रेक क्लीनर आणि मऊ ब्रशने. वायर व्हील, पॉलिश पेपर, स्क्रेपर यांतलं काहीही तिथे लावायचं नाही. कारखान्यात ब्लॉकचा वरचा फेस ब्रोचिंगने, म्हणजे सरळ रेषेत ओढलेल्या दातेरी कटरने, कापला जात असे. त्यामुळे पट्टीवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेषा राहतात. शिक्का खरा की नंतर ठोकलेला, हे ओळखताना जाणकार आधी या रेषा बघतो. पट्टी गुळगुळीत असेल, रेषा गोलाकार असतील, किंवा आकडे कोरे करकरीत आणि एकसारख्या खोलीचे असतील, तर कुणीतरी फेस मारून नवा शिक्का ठोकल्याचा संशय येतो. म्हणजे तुम्ही हौसेने पेपर मारलात तर खऱ्या शिक्क्यावरही संशय येईल.

मग कास्टिंगचे आकडे. ब्लॉकच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्स जिथे जोडतात त्या फ्लँजवर, कास्टिंग नंबर उठावात असतो. कास्टिंगची तारीखही ब्लॉकवर उठावात सापडते: महिन्याचं अक्षर, दिवस, वर्षाचा शेवटचा आकडा. 'बी १२ ९' म्हणजे १२ फेब्रुवारी १९६९. हेड, मॅनिफोल्ड, वॉटर पंप, सगळ्यांवर अशा तारखा असतात. क्रम असा लागला पाहिजे: आधी ओतकाम, मग इंजिनाची जुळणी, मग गाडीची जुळणी. ओतकामाची तारीख गाडीच्या जन्मानंतरची निघाली, तर तो भाग नंतर आलेला आहे, मग तो दिसायला कितीही बरोबर असो.

फोर्डच्या तारखेत वर्ष आधी येतं आणि महिन्यांच्या अक्षरांत 'आय' वगळलेलं असतं. म्हणून '८के१४' म्हणजे १४ ऑक्टोबर १९६८. 'के' अकरावं अक्षर म्हणून नोव्हेंबर धरलात तर फसाल. फोर्डच्या कास्टिंग नंबरमधला 'सी८' म्हणजे १९६८ची डिझाइन, 'डी०' म्हणजे १९७०ची. इथे लक्षात घ्या, ती डिझाइनची साल आहे, ओतकामाची नव्हे. सी८ लिहिलेला भाग १९७०च्या गाडीत अगदी रास्तपणे असू शकतो.

कागदांनी बराच घोळ सुटतो. पॉन्टियॅकसाठी पॉन्टियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मूळ बिलिंगची नोंद मिळते. १९६७पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट, म्हणजे कारखान्याच्या नोंदींवरून काढलेला अहवाल, मिळतो. डॉज-प्लिमथवर इंजिन बेमध्ये फेंडर टॅग, म्हणजे गाडीचे कोड असलेली धातूची पट्टी, असते. शेव्हरोलेवाल्यांना असा सोपा मार्ग नाही. त्यांनी पेट्रोलच्या टाकीच्या वर बिल्ड शीट अडकलेलं आहे का ते बघावं, आणि मागच्या मालकाकडे वॉरंटी पुस्तिकेतली धातूची छोटी पट्टी, प्रोटेक्ट-ओ-प्लेट, आहे का ते विचारावं. या पट्टीवर इंजिनाचा कोड उमटवलेला असतो.

आता ३९६ची एक खास गोष्ट. ३९६चा मूळ बोअर ४.०९४ इंच. १९६९च्या अखेरीपासून शेव्हरोलेने तो ४.१२६ केला. क्षमता ४०२ घन इंच झाली, पण शेव्हेलवरचा बिल्ला ३९६चाच राहिला. आता गंमत बघा: जुन्या ३९६ला तीस थाऊ बोअर केलं की ४.१२४ येतात. म्हणजे नुसतं बोअर मोजून "हा आधीच कापलेला आहे" असं म्हणता येत नाही. कास्टिंग नंबर, तारीख आणि पिस्टनच्या माथ्यावरचा आकडा हे तिन्ही बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

सगळ्याचे फोटो घ्या. तिरप्या उजेडात एक, सरळ उजेडात एक, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. हे फोटो पुढे विक्रीच्या वेळी कामाला येतात आणि शॉपशी वाद झालाच तर तेव्हाही.

उघडताना काय बघायचं

व्हॉल्व्ह हलवणारा प्रत्येक टॅपेट, पुशरॉड, रॉकर ज्या जागेचा त्याच जागेच्या नावाने पिशवीत. मेन बेअरिंगच्या आणि पिस्टनला क्रँकशी (इंजिनाच्या मुख्य फिरत्या शाफ्टशी) जोडणाऱ्या रॉडच्या कॅपवर नंबर नसतील तर उघडण्याआधी टाका. बोल्ट फेकू नका. प्लेटिंगला द्यायचे असतील तर मोजून द्या, कारण प्लेटिंगवाल्याच्या टाकीत छोटे बोल्ट हरवतात.

ऑइल पॅन उतरवलीत की तळाचा गाळ बोटाने चाळून बघा. त्यात पिवळट-तपकिरी प्लॅस्टिकचे दातेरी तुकडे सापडले तर दचकू नका, ते टायमिंग गिअरचे आहेत. आवाज कमी व्हावा म्हणून त्या काळी कॅमच्या अॅल्युमिनियम गिअरवर नायलॉनचे दात बसवत असत. पन्नास वर्षांनी ते ठिसूळ होतात, झडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. तेलाचा दाब पडतो, चेन दात सोडते. मग व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळू शकतात. हा गिअर मूळचा आणि धडधाकट दिसला तरी काढायचाच. पूर्ण धातूचा संच बसवा. टायमिंग कव्हरच्या आत तो कुणाला दिसणारही नाही.

बेअरिंगचे अर्धे क्रमाने टेबलावर मांडा. एकसारखा राखाडी रंग ठीक. मधूनच तांबं दिसू लागलं तर पृष्ठभागाचा थर गेला आहे. एकाच बाजूला झीज असेल तर रॉड वाकलेला असू शकतो. एवढं वाचता आलं की क्रँकबद्दलचा अर्धा अंदाज मोजण्याआधीच येतो.

ब्लॉक आणि हेड: तडा आहे का?

मिशिगन, ओहायो, विस्कॉन्सिनसारख्या थंड राज्यांत अनेक इंजिनं साधं पाणी भरून गोठ्यात किंवा शेडमध्ये पडून राहिली. पाणी गोठलं की वॉटर जॅकेटची भिंत फुटते. तडा बाहेरून दिसतोच असं नाही, गंजाच्या एका उभ्या रेषेएवढाच असू शकतो. म्हणून एक पैसाही मशीनिंगवर घालण्याआधी तडा-तपासणी करा. लोखंडासाठी मॅग्नाफ्लक्स (चुंबक आणि लोखंडाच्या भुकटीने तपासणी), अॅल्युमिनियमच्या मॅनिफोल्डसाठी डाय पेनेट्रंट (तड्यात शिरणारा रंग), आणि हेड-ब्लॉकसाठी प्रेशर टेस्ट. अॅल्युमिनियमचं काहीही कॉस्टिकच्या गरम टाकीत जाऊ देऊ नका, कॉस्टिक ते खाऊन टाकतं. मोठ्या शॉपमध्ये लोखंडी आणि अॅल्युमिनियम भाग एकाच ढिगात जातात, म्हणून मॅनिफोल्डवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी बांधा.

तडा निघालाच तर तो कुठे आहे यावर सगळं ठरतं. बाहेरच्या वॉटर जॅकेटमधला तडा लोखंडी पिना एकात एक ओवून किंवा भट्टीत ब्लॉक आधी तापवून वेल्डिंगने चांगला दुरुस्त होतो. गाडीचा स्वतःचा ब्लॉक असेल तर असा खर्च मी योग्य मानतो. सिलिंडरच्या भिंतीतल्या तड्याला स्लीव्ह, म्हणजे आतून बसणारी लोखंडी नळी, घालता येते. मेन बेअरिंगच्या आधाराच्या भिंतीत तडा गेला असेल तर तो ब्लॉक चालवायचा नाही. गाडीचा असेल तर फोटोसह जपून ठेवा, पण त्यात क्रँक फिरवू नका.

बोअर मोजा, मग बोला

डायल बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आणि दोन दिशांना मोजायचा: क्रँकच्या रेषेत आणि तिच्या आडव्या दिशेत. वर-खालचा फरक, म्हणजे टेपर, पाच थाऊंच्या आत असेल, भिंतीवर नखाला लागणारे ओरखडे नसतील आणि गाडी रविवारीच फिरणार असेल, तर होनिंग (भिंत हलकी घासणं) आणि नव्या रिंगा एवढ्यावर भागवण्याचा विचार करता येतो. अमेरिकन फोरमवर याला कमीपणा मानतात. मला तो पटत नाही. मूळ बोअरचा, मूळ पिस्टनचा ब्लॉक आता दुर्मीळ आहे. त्यातून शेवटचे पाच घोडे (अश्वशक्ती) काढण्यापेक्षा त्याचं लोखंड टिकवणं मला जास्त मोलाचं वाटतं.

टेपर जास्त असेल तर बोअर करावंच लागतं. पण त्याआधी सोनिक टेस्टने भिंतीची जाडी मोजून घ्या. ओतकामाच्या वेळी आतले साचे थोडे सरकलेले असतात, त्यामुळे एका बाजूला भिंत जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ निघते. पिस्टन ज्या बाजूला रेटतो त्या बाजूला रस्त्यावरच्या इंजिनात बोअर झाल्यावर साधारण १२० थाऊ भिंत उरावी असं धरतात. आकडा यापेक्षा कमी निघत असेल तर तो सिलिंडर स्लीव्हकडे न्या.

बोअर करायचंच असेल तर जेवढ्यात साफ होईल तेवढंच करा. तीस थाऊत साफ होत असेल तर तीसवर थांबा, भले साठ थाऊचे पिस्टन स्वस्त मिळत असोत. पुढच्या मालकालाही एकदा बोअर करायला लोखंड उरलं पाहिजे. आठपैकी एकच सिलिंडर खराब असेल तर तेवढ्याला स्लीव्ह घालून बाकी सात वाचवता येतात. नीट बसवलेली स्लीव्ह हा कमी दर्जाचा उपाय नाही. आपल्याकडे ट्रक-ट्रॅक्टरच्या इंजिनात लायनर बदलणं रोजचंच असतं.

आता फेसिंग. ब्लॉकचा वरचा फेस वाकलेला किंवा गंजाने खड्डे पडलेला नसेल, तर तो मारू नका. मारायचाच असेल तर शॉपला लेखी सांगा की पॅसेंजर बाजूच्या पुढच्या पट्टीवर कटर जाणार नाही. बरीच चांगली शॉप्स पट्टीच्या आधी कटर थांबवून उरलेलं हाताने जुळवतात. ज्या शॉपला हे विचित्र वाटतं, त्या शॉपला तुमचा ब्लॉक देऊ नका.

याला जोडून गॅस्केटचा मुद्दा येतो. कारखान्यात बहुतेक अशा इंजिनांना वीस थाऊच्या आसपासचं पातळ स्टीलचं हेड गॅस्केट होतं. आजची कॉम्पोझिट गॅस्केट दाबल्यावर साधारण चाळीस थाऊ राहते. फेस न मारता ती बसवली की कॉम्प्रेशन थोडं उतरतं. ३२५ अश्वशक्तीच्या ३९६चं मूळ कॉम्प्रेशन कारखान्याच्या कागदावर १०.२५:१ होतं, तेही शिसं घातलेल्या प्रीमियम पेट्रोलच्या काळात. आजच्या ९१ किंवा ९३ ऑक्टेनवर उन्हात चढ चढताना ते टोकाला जातं. त्यामुळे कॉम्प्रेशन किंचित उतरणं इथे फायद्याचं. ३९६च्याच ३७५ अश्वशक्तीच्या एल-७८ प्रकारात ते ११:१ होतं. तिथे पिस्टन बदलताना माथ्याचा आकार मुद्दाम विचारून घ्या.

फिरणारे भाग

क्रँक फोर्ज्ड की कास्ट, ते बाजूच्या साच्याच्या रेषेवरून कळतं: रुंद, घासलेली रेषा म्हणजे फोर्ज्ड, बारीक धारदार रेषा म्हणजे कास्ट. जर्नल (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) एक थाऊपेक्षा जास्त अंडाकृती असतील किंवा नखाला चर लागत असतील तर ग्राइंडिंग. दहा आणि वीस थाऊचे बेअरिंग सहज मिळतात. ग्राइंडिंगमध्ये जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई टिकली पाहिजे. तिथे काटकोन पडला तर क्रँक तिथूनच तुटतो. ग्राइंडिंग करूनही न सुधारणारा मूळ क्रँक बाजूला काढून ठेवायचा आणि बदली क्रँक लावायचा. क्रँक पॅनच्या आत असतो, तो कुणी बघत नाही.

रॉड ठेवा, रॉडचे बोल्ट बदला. पन्नास-पंचावन्न वर्षं ताण खाल्लेला बोल्ट तुटला की रॉड ब्लॉकच्या बाजूने बाहेर येतो आणि तुमचा शिक्क्याचा ब्लॉक कायमचा जातो. नवे बोल्ट घातल्यावर रॉडचा मोठा गाळा पुन्हा गोल करून घ्यावा लागतो, तो खर्च धरून चला. ऑइल पंप आणि त्याचा शाफ्ट नवा. वाद नाही.

कॅमशाफ्ट आणि टॅपेट बहुधा बदलावेच लागतात. फ्लॅट टॅपेटचा तळ किंचित फुगीर असतो. तो सपाट किंवा खोलगट झाला की कॅमवरचा लोब (उंचवटा) खाल्ला जातो. जुना कॅम वापरायचा असेल तर प्रत्येक टॅपेट आपापल्या लोबवरच बसला पाहिजे. नवा फ्लॅट टॅपेट कॅम घातलात तर झिंक असलेलं तेल आणि पहिली वीसेक मिनिटं दोन हजारांच्या वर आरपीएम, दोन्ही पाळा. इंजिन सुरू होताच आयडलवर सोडलं तर लोब पहिल्या तासातच जाऊ शकतो. शोचा हट्ट नसेल तर रोलर कॅम घ्यायला माझी हरकत नाही. तोही दिसत नाही.

क्रँकच्या पुढच्या टोकाचा बॅलन्सर (कंपन शोषणारी चकती) मात्र विसरू नका. आतलं रबर कुजलं की बाहेरची रिंग सरकते, तिच्यावरची टायमिंगची खूण खोटी होते आणि तुम्ही टायमिंग लाइट लावून इंजिन चुकीच्या टायमिंगवर आणता. मूळ बॅलन्सरला नवं रबर भरून देणारे लोक आहेत. हा भाग पाठवून दुरुस्त करून घेण्यासारखा आहे.

हेड आणि शिसं

हेडवर कास्टिंग नंबर आणि तारीख दोन्ही असतात, म्हणून ती ओळखीच्या भागांत मोडतात. व्हॉल्व्ह गाइड झिजलेले असतील तर लायनर घाला. प्रश्न येतो एक्झॉस्ट सीटचा, म्हणजे एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेचा. जुन्या पेट्रोलमधलं शिसं सीटवर बसून तिची झीज रोखत असे. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल १ जानेवारी १९९६पासून पूर्ण बंद झालं. तेव्हापासून सरसकट सगळे हेड कापून कडक सीटा बसवण्याची पद्धत पडली. सीट बसवायला हेडमध्ये खोल खड्डा घ्यावा लागतो, आणि काही हेडमध्ये खाली लगेच वॉटर जॅकेट असतं. कटर पाण्यात गेला की हेड गेलं. ही झीज मुख्यतः सतत जोरात, हायवेवर तासन्‌तास चालणाऱ्या इंजिनात होते. वर्षाला हजार मैलही न फिरणाऱ्या गाडीच्या सीट आत्ता चांगल्या असतील, तर त्यांना हात लावू नका. खाल्लेल्या असतील तेवढ्याच बदला.

बाहेरून दिसणारे भाग

दिसणाऱ्या भागांत मूळपणाला सगळ्यात जास्त किंमत आहे आणि सगळ्यात जास्त नासधूसही इथेच होते.

रॉचेस्टर क्वाड्राजेट कार्बोरेटर घ्या. ड्रायव्हरच्या बाजूला उभ्या भागावर सात आकडी नंबर असतो. '७०२९'ने सुरू झाला तर शेवटचा ९ म्हणजे १९६९. शेजारी चार आकडी तारीख: '०४५९' म्हणजे १९६९चा पंचेचाळिसावा दिवस. नंबर जुळत असेल तर हा कार्बोरेटर लाखमोलाचा आहे, कितीही घाण दिसला तरी. त्याला काचेच्या मण्यांनी ब्लास्ट करू देऊ नका. मूळची सोनेरी झाक जाते आणि मणी आतल्या बारीक वाटांत अडकतात. अल्ट्रासॉनिक किंवा रसायनाने साफ करून घ्या. तीन गोष्टी तपासा: थ्रॉटल शाफ्ट हलतोय का, बाउलच्या खालचे प्लग गळतात का, आणि फ्लोट जड झालाय का. शाफ्ट हलत असेल तर बुशिंग बसवतात. प्लग गळत असतील तर गाडी रात्रभर उभी राहिली की बाउल रिकामा होतो आणि सकाळी बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो. त्यांना इपॉक्सी लावून भागतं. अमेरिकेतल्या आजच्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, म्हणून डायफ्राम, सील आणि होस इथेनॉल चालणारेच घ्या. पेट्रोल पंपालाही हेच लागू.

डिस्ट्रिब्युटर मूळचाच ठेवा. त्यावरचा नंबर-तारखेचा पट्टा खरवडू नका. ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट टोपीखाली बसतं. काढलेले पॉइंट पिशवीत घालून गाडीच्या कागदांबरोबर ठेवा. वॉटर पंपाचं कास्टिंग तारखेचं असेल तर त्याच कवचात नवं बेअरिंग आणि सील बसवून घ्या. अल्टरनेटरचंही तसंच.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ओतीव लोखंडाचे असतात. आधीच्या मालकाने त्यांच्या जागी हेडर (वाकवलेल्या नळ्यांचा संच) बसवून मूळचे फेकलेले असतील तर तारखेसह मिळवायला वर्षं जातात. तुमच्याकडे असतील तर तडा असला तरी भंगारात देऊ नका. भट्टीत तापवून वेल्डिंग करणारे चांगले कारागीर आहेत, आणि वाकलेला फेस मशीनवर सरळ होतो.

नव्याने बनवलेले हुबेहूब भाग वाईट नाहीत. होस, बेल्ट, क्लॅम्प, प्लगच्या वायरी यांत ते बिनधास्त घ्या. तारीख असलेल्या कास्टिंगमध्ये मात्र मूळ दुरुस्त करणं जवळपास नेहमीच चांगलं.

पैशाचा हिशेब

शॉपकडून दोन टप्प्यांत कोटेशन मागा. पहिला टप्पा फक्त धुणं, तडा-तपासणी, सोनिक टेस्ट आणि मोजमाप. त्याचे पैसे देऊन कागद हातात घ्या. दुसऱ्या टप्प्याचा निर्णय त्या कागदावरूनच घ्यायचा. जे शॉप इंजिन न बघता फोनवर पूर्ण आकडा सांगतं, ते सरसकट सगळं कापण्याचा आकडा सांगत असतं.

थांबायची रेषाही आधीच आखून ठेवा. साधारण ३२५ घोड्यांच्या ३९६ला, ज्याचा शिक्काही जुळत नाही, आठ स्लीव्ह आणि हेडची वेल्डिंग करण्यात अर्थ नाही. त्या पैशात दुसरा चांगला ब्लॉक येतो. शिक्का जुळणारी एल-७८ असेल तर तोच खर्च योग्य ठरतो. मधल्या गाड्यांसाठी एक उपाय मला फार आवडतो: गाडीचं स्वतःचं इंजिन जसंच्या तसं जपून ठेवायचं आणि रोजच्या वापरासाठी त्याच कुळातलं दुसरं इंजिन बसवायचं. मूळ ब्लॉक ठेवताना बोअर आणि फेसला गंजरोधक तेल चोपडा, गंजरोधक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, आणि पिशवीवर गाडीचा व्हिन, मोजमापाचा कागद आणि फोटो चिकटवा. गॅरेज बदलताना किंवा घर विकताना तो ब्लॉक भंगार समजून कुणी उचलून देणार नाही.

शिक्का आधीच्या कुणी घालवला असेल तर नवा ठोकण्याचा मोह टाळा, आणि ठोकून देण्याची तयारी दाखवणाऱ्यापासून दूर राहा. ती फसवणूक आहे, आणि ब्रोचच्या रेषा ती उघडी पाडतात. विकताना सरळ लिहा: ब्लॉक योग्य तारखेचा, शिक्का फेसिंगमध्ये गेलेला, तिसऱ्या सिलिंडरला स्लीव्ह, रॉडचे बोल्ट नवे, मूळ टॅपेट आणि पॉइंट सोबत. शॉपचा मोजमापाचा कागद जोडा.